अन्नदाना वेरमणी

मी शाळेत शिकवते, पहिली ते चौथी. मुलांच्या वह्यांतल्या चुकीच्या वेलांट्या आणि उकार तांबड्या शाईने गोल करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. आणि माझ्या स्वतःच्या आईच्या तोंडचा एक चुकीचा शब्द मी वीस वर्षं ऐकून घेतला, दुरुस्त केला नाही. त्या शब्दावरून पुढे भर सभेत तिचं हसं झालं. हसवणारा आमच्याच घरातला होता. तो दिवस आठवला की आधी स्वतःचा राग येतो, मग त्याचा येतो, आणि त्याचा आला की तासभर उतरत नाही. तेव्हा हे सांगताना माझा तोल राहील अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आमची वाडी पावसच्या पुढे, पूर्णगडच्या रस्त्यावरून वर चढलं की लागणाऱ्या सड्यावर. सडा म्हणजे नुसता जांभा कातळ. गावातली भातजमीन खाली, आंब्याची कलमं मधल्या उतारावर आणि बौद्धवाडी अगदी वर, जिथे विहिरीला पाणी लागायला दोन पुरुष जास्त खोल खणावं लागतं. हे असं का, ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाडीतले बाप्ये मुंबईला. वाडीत राहायच्या त्या बायका, पोरं आणि खोकणारे म्हातारे.

धम्म स्वीकारला तेव्हा घराघरातले टाक आणि देव्हारे निघाले, रिकाम्या देवळीत बुद्धाची तसबीर आली. पण तसबिरीपुढे म्हणायचं काय, हे कुणाला धड येत नव्हतं. महिन्यातून एकदा पलीकडच्या गावचे एक बौद्धाचार्य चालत यायचे. बौद्धाचार्य म्हणजे भिक्खू नव्हे, आपल्यासारखाच घरसंसारी माणूस. लग्न, नामकरण, मयत, सगळे विधी तोच करतो. ते गृहस्थ आले की वाडीत असतील ते पुरुष आत बसायचे आणि बायका पोरांना कडेवर घेऊन भिंतीबाहेर उभ्या राहायच्या. म्हाताऱ्याचे पुढचे दात गेलेले. त्यांच्या तोंडून जे काय सुटायचं ते भिंतीवरून बाहेर यायचं, आणि बाहेर माझी आई ते झेलायची. तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐकून ऐकून तिने सगळी वंदना पाठ केली. पुढे ते गृहस्थ वारले. पुरुष मुंबईलाच होते. मग दर पौर्णिमेला तिन्हीसांजेला वाडीतल्या बायका-पोरांना गोळा करून वंदना कोण सांगायचं? आईच सांगायची. ती म्हणायची आणि मागून सगळी म्हणायची. हे पन्नास वर्षं चाललं आणि त्यासाठी तिला कुणी नेमलेलं नव्हतं.

पंचशीलातलं दुसरं शील पाली भाषेत 'अदिन्नादाना वेरमणी' असं आहे. न दिलेलं घेण्यापासून मी दूर राहीन, असा त्याचा अर्थ. बिनदातांच्या तोंडातून ते निघालं कसं आणि भिंतीपलीकडे पोचलं कसं देव जाणे (हा शब्दप्रयोग आमच्यात चालत नाही, पण जिभेवरून गेलेला नाही), आईच्या कानात ते 'अन्नदाना वेरमणी' म्हणून शिरलं. अन्नदान तिच्या ओळखीचा शब्द. वेरमणी हा तिच्या ओळखीचा नव्हता, मग तिने त्याची ओळख करून घेतली. 'वैर नको मनी.' पाची शिलांत वेरमणी येतं, म्हणजे बुद्धाने पाच वेळा बजावून सांगितलंय की मनात वैर धरू नका, असा तिचा हिशेब. पोरांना ती समजावून सांगायची, "दुसरा शील काय सांगतो? दारात आला त्याला अन्न द्यायचा, आनि मनात वैर ठेवायचा नाय." आम्ही सगळी त्याच शिकवणुकीवर वाढलो. वाडीत कुणी उपाशी झोपल्याचं मला आठवत नाही. वैराचं मात्र तसं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

मी नोकरीला लागून रत्नागिरीत राहायला आले. तिथल्या विहारात पहिल्यांदा छापलेली वंदनेची पुस्तिका हातात पडली आणि माझ्या लक्षात आलं. अदिन्नादाना.  पुढच्या पौर्णिमेला वाडीत गेले तेव्हा सांगायचं ठरवूनच गेले होते. आई पांढरं लुगडं नेसून पुढे बसली होती, मागे वीसेक बायका, आणि सगळ्या एका सुरात 'अन्नदाना वेरमणी' म्हणत होत्या. मला सांगवेना. पुढच्या खेपेला सांगू, म्हटलं. अशा किती खेपा गेल्या. वर्गात पोराने 'आणि'ला दीर्घ वेलांटी दिली तर मी त्याला दहा वेळा लिहायला लावते, आणि आईपुढे मूग गिळून बसले. लोक याला माया म्हणतील. मी भित्रेपणा म्हणते.

आता त्याच्याबद्दल. तो म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्या मोठ्या काकांचा मुलगा, मी त्याला दादा म्हणते. तो पाच वर्षांचा असताना त्याची आई आजारी पडली, म्हणून काकांनी त्याला मुंबईहून वाडीत आणून माझ्या आईच्या पदरात टाकला. चार वर्षं तो आमच्याकडे होता. मी तेव्हा मांडीवर. आईच्या लुगड्याचं टोक धरून तो वंदनेला बसायचा, नुकतं बोलायला शिकल्यासारख्या गाथा म्हणायचा. ही सगळी हकिगत मला आईकडूनच कळलेली. मग तो मुंबईला गेला, शिकला, एका कचेरीत लागला, निवृत्त झाला. निवृत्त झाल्यावर त्याने बौद्धाचार्याचं शिबिर केलं, प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीला लावलं आणि वाडीच्या मुंबई शाखेचा चिटणीस झाला. गावात माणसं राहतात, पण गावाचे निर्णय मुंबई शाखा घेते, ही आमच्या सगळ्या वाड्यांची रीत. इथे पत्रा उडाला तरी तो बसवायचा ठराव दादरच्या कुठल्यातरी खोलीत होतो.

एक कबूल करायला हवं. नवीन विहार त्याच्यामुळे झालं. जुनं विहार म्हणजे चिऱ्याच्या चार भिंती आणि वर पत्रा, त्याचे चिरे आईने आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी खाणीवरून डोक्यावरून आणलेले. नव्याला स्लॅब, फरशी, पंखे, पितळी अक्षरं. त्याने त्यासाठी किती चपला झिजवल्या ते मी पाहिलंय. नुसता आयत्या बिळावरचा नागोबा म्हणून त्याला उडवून लावता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईकर आले आणि जुन्या विहारात सभा भरली. वैशाख पौर्णिमेला नव्या विहाराचं उद्घाटन करायचं ठरलं. त्या दिवशी भन्ते, म्हणजे भिक्खू, मिळणं कठीण, सगळीकडून बोलावणी असतात. तेव्हा शील बौद्धाचार्यच देतील, असं कुणीतरी म्हणालं. शील देणं म्हणजे पुढे बसून वंदना आणि पंचशील सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. माझी आई आयुष्यभर करत आली ते.

आई भिंतीला टेकून बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले. सभेत ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी तिने हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा.

"पयल्या दिवशी शील मी देव काय?" ती म्हणाली. "योकच दिवस. मंग तुमी हावच."

तिला आयुष्यात दुसरं काही मागताना मी पाहिलेलं नाही. चिरे डोक्यावरून आणलेल्या विहाराऐवजी नवं उभं राहतंय, तिथे पहिली वंदना आपल्या तोंडची व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

दादा हसला. वाईट हसला नाही, लहान मूल काही मागतं तेव्हा हसतात तसा हसला, आणि तेच मला जास्त झोंबलं. म्हणाला, "काकी, पालीचे उच्चार शुद्ध पाहिजेत. पाहुणे येणार, रेकॉर्डिंग होणार. बरं, म्हणून दाखव बघू."

मी दारात उभी होते. पुढे काय होणार ते त्या सभेत फक्त मला ठाऊक होतं. मी तोंड उघडायच्या आत आईने डोळे मिटून सुरुवात केली. पहिलं शील म्हणाली. दुसरं म्हणाली.

"थांब, थांब," दादा म्हणाला. "काय म्हणालीस? अन्नदाना? अगं काकी, अन्नदाना वेरमणी म्हणजे अन्नदान करण्यापासून मी दूर राहीन. म्हणजे आम्हाला कुणाला जेवायला घालणार नाही, अशी शपथ घेतेस की काय तू?"

सभा हसली. मुंबईकर हसले, गाववाले हसले, आणि ज्या बायका तिच्या मागून जन्मभर तेच म्हणत आल्या त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. हसणं साथीसारखं पसरतं. आईही कसंनुसं हसली. मग तिने हात खाली घेतला आणि लुगड्याच्या घडीत लपवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरीही मी दारातच उभी राहिले. बोलले असते तर पहिला प्रश्न मलाच आला असता, बाई, तुम्ही मास्तरीण ना, मग इतकी वर्षं काय करत होतात?

घरी आल्यावर तो प्रश्न आलाच. चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "तुला म्हायत व्हता?"

"होतं."

"मंग सांगलंस का नाय?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मंग आज काय बरा वाटला?"



आमच्या शाळेत एक बाई आहेत, चांगल्या आहेत, डब्यातलं देतात-घेतात. सुट्टीनंतर त्या मला म्हणाल्या, "तुमच्यात बरं हो, सोवळंओवळं नाही, बाईमाणसाला कुठे मागे सारत नाहीत." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आमच्या घरातलं सांगितलं तर उद्या तेच कुणी आमच्यावर फेकायला वापरतो: बघा, यांच्यातही तेच. म्हणून बाहेर गप्प बसायचं, आणि घरात बोललं तर 'समाजात फूट पाडू नका.' म्हणजे बाईने रागवायचं तरी कुठे? बाईला कमी लेखू नये हे आमच्याइतकं कुणी भाषणातून सांगत नाही. सांगून खाली उतरतात आणि विचारतात, ताई, चहाचं काय झालं?

आईने मात्र सभेच्या दुसऱ्याच दिवशी कुळीथ निवडायला घेतले आणि मला म्हणाली, "तो शब्द बोल बघू बरोबर."

मी पहिलीच्या पोरांना शिकवते तसं शिकवलं. टाळी वाजवून तोडून. अ. दिन्. ना. दा. ना. ती सुपावर बोटं वाजवत म्हणायची, अ, दिन्, ना, दा, ना, आणि सगळं जोडून म्हणायला गेली की जीभ जुन्या वाटेने जायची, अन्नदाना. पन्नास वर्षांची वाट. मी रत्नागिरीला परतले तरी रोज फोनवर तालीम चालायची. कधी तिला हसू यायचं, कधी ती चिडून फोन ठेवायची. थंडी संपता संपता एके दिवशी तिने ते न अडखळता म्हटलं, मग लागोपाठ सात वेळा म्हटलं, आणि मग विचारलं, "आनि याचा अर्थ काय?"

"न दिलेलं घ्यायचं नाही."

"म्हंजे चोरी?"

"चोरीपेक्षा बारीक. समोरच्याने आपल्या हाताने दिलं नाही, तर ते उचलायचं नाही."

तिने फोन ठेवला. पुढच्या शनिवारी गेले तर शेजारीण सांगत आली, तुझ्या आयशीला काय झालाय बघ. आई रोज पहाटे तिच्या कुंपणावरची तगरीची फुलं विहारासाठी तोडायची. आता फुलं तोडायच्या आधी तिच्या दारात उभी राहून विचारत होती, "घेव काय गं?" आणि ती हो म्हणेपर्यंत झाडाला हात लावत नव्हती. शेजारणीला झोपेतून उठून रोज हो म्हणावं लागायचं. "वेडी झाली काय?" असं ती म्हणाली. मी म्हटलं, नाही, तिला दुसरं शील कळलंय.

मी दादाला फोन केला. आईला आता शुद्ध येतं, म्हटलं, फोनवर ऐकवते हवं तर.

"बाय, प्रश्न तो नाहीये," तो म्हणाला.

सभेत तोच प्रश्न होता. आता नव्हता. आता काकीचं वय होतं, ऐनवेळी चुकली तर शाखेची शोभा होती, लोकांना सवय नाही हे होतं, बायकांनी शील दिलेलं काही ज्येष्ठांना रुचणार नाही हे होतं. "पुढच्या वेळी बघू." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला पुढच्या वेळी बघू. मी फोनवर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, आणि कडू बोलणंही त्यातच धरतात, त्यामुळे माझं ते त्या दिवशी मोडलं. त्याचं दुसरं मोडलं, असं मी त्याला सांगितलं. वंदना सांगायचा मान आईचा होता, तो तिने तुला दिला नव्हता, तू घेतलास. तो म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस."

चैत्रात मुंबईहून पत्रिका छापून आली. ग्लेज कागद, चार रंग. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक, आणि 'वंदना व पंचशील' पुढे दादाचं नाव, नावापुढे बौद्धाचार्य. अगदी खाली, जिथे घडी पडते तिथे, 'खीरदान व भोजनव्यवस्था: महिला मंडळ.' एकाही बाईचं नाव नाही. आई उतारवयात साक्षरतेच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकली होती. तिने ती पत्रिका बोट ठेवून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. खीरदानावर बोट थांबवून म्हणाली, "दान कुनाचा, तर आमचा. बरा." आणि पत्रिका घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी एसटीने वाडीत पोचले. विहाराच्या मागे मांडव घातला होता, तीन चुली मांडलेल्या, बायका नारळ खवत बसलेल्या. खीर आमच्याकडे तांदळाची, नारळाच्या रसातली, गूळ घालून. ती सकाळी चढवायची म्हणजे वंदना चालू असताना बायका धुरात असणार, हे इतकं ठरलेलं की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नारळ खवता खवता आई म्हणाली, "उद्या वंदना व्हयपर्यंत चूल पेटवायची नाय. पांढरी लुगडी नेसून आपून सगल्यांनी आत बसायचा."

"पाव्हनं उपाशी ऱ्हातील," एकजण म्हणाली.

"तासभर उपाशी ऱ्हायल्यानं कोन मरत नाय. आपून किती ऱ्हायलोय."

 खवण्या पुन्हा चालू झाल्या. सभेत हसलेल्या याच बायका होत्या, त्यामुळे मी त्यांच्यावर फारशी भिस्त ठेवली नव्हती.

सकाळी सगळ्या आल्या. एकूण एक. पाहुण्यांच्या गाड्या लागायच्या आत पुढच्या चार ओळी पांढऱ्या झाल्या. आई पहिल्या ओळीत, गुडघे दुखतात म्हणून पाय एका बाजूला घेऊन. तिच्या शेजारी मी. दादा पांढऱ्या कपड्यांत धावपळ करत होता. मागे मांडवात जाऊन आला तो घामाघूम होऊन.

"काकी, चुली थंड आहेत. खीर कधी चढवणार? पाहुण्यांना दुपारी परत जायचंय."

आई त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "आमी शपथ घेतलीय ना. अन्नदाना वेरमणी. अर्थ तूच सांगलंस."

मागच्या ओळींतून हसू फुटलं. तेच हसणं, त्याच बायका, पण या खेपेला पदर कुणी तोंडाला लावला नाही. दादाचा चेहरा पडला. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात पाहुणे आत आले आणि त्याला पुढे जाऊन बसावं लागलं.

मेणबत्त्या लागल्या, हार घातले गेले. दादाने माइक हातात घेतला. नमन झालं, त्रिशरण झालं. त्याचा आवाज चांगला आहे, उच्चार तर फारच, एकेक जोडाक्षर ठसठशीत. पहिलं शील त्याने दिलं, आम्ही मागून म्हटलं. मग त्याची नजर पहिल्या ओळीवरून गेली, माझ्या आईवरून.

"अन्नदाना वेरमणी सिक्खापदं समादियामि," तो म्हणाला.

माडाला बांधलेल्या दोन्ही कर्ण्यांतून ते सड्यावर, कलमांवर आणि खालच्या गावावर गेलं. सगळ्या वाडीने सवयीने मागून म्हटलं, "अन्नदाना वेरमणी सिक्खापदं समादियामि." त्याने शिबिर केलं होतं, प्रमाणपत्र घेतलं होतं, पण जीभ पाचव्या वर्षी लुगड्याचं टोक धरून बसली होती ती तिथेच होती.

वाडीचं म्हणून झालं, आणि त्या शांततेत एकच आवाज मागे राहिला, म्हातारा, सावकाश, एकेक अक्षर सुपावर वाजवल्यासारखा. "अ-दिन्-ना-दा-ना वेरमणी सिक्खापदं समादियामि."

दादा थांबला. त्याला कळलं होतं. पाहुण्यांपैकी किती जणांना कळलं कोण जाणे, त्यातले एक मोबाइल बघत होते. दादा तसाच बसून राहिला, तोंड किंचित उघडं, माइक दोन्ही हातांनी धरलेला. पुढचं शील त्याला आठवेना की बोलवेना, मला माहीत नाही. मी आईच्या कानाशी लागले, "जा पुढे. माइक घे त्याच्याकडून."

"त्यानं दिला कुटं?" आई म्हणाली.

मला तेव्हा तिचा इतका राग आला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या कळलंय, आणि ही बाई हातभर अंतरावरचा माइक घेत नाही, कारण तो दिलेला नाही. मी दादाकडे बघितलं. नुसता हात पुढे करायचा होता त्याने. केला नाही. आजही तेवढं मी त्याला माफ करू शकत नाही.

आईने जागेवरूनच तिसरं शील दिलं. माइकशिवाय, पाय एका बाजूला घेऊन, पन्नास वर्षं देत होती तसं. मागे ऐकू जात नव्हतं, तर मागच्या ओळींनी पुढच्यांचं ऐकून म्हटलं. चौथं दिलं. आणि चौथ्याला कर्ण्यांतून एक आवाज बाहेर आला, दादाचा. माइक त्याच्या तोंडाशीच होता आणि तो आईच्या मागून म्हणत होता, सगळ्यांबरोबर. खालच्या गावाला त्या दिवशी एवढंच ऐकू गेलं. आईचा आवाज खाली कुणी ऐकलाच नाही.

पाचवं शील झालं. 'साधु, साधु, साधु' असा साधुकार झाला. आईने गुडघ्यावर हात ठेवला, मला म्हणाली, "उठव माला," आणि सगळ्या बायका उठून मागे गेल्या आणि चुली पेटवल्या. भाषणं त्या दिवशी लांबली, कारण खीर व्हायची होती. बाईचा धम्मातला वाटा या विषयावर एक पाहुणे पाऊण तास बोलले. संध्याकाळी मुंबई शाखेच्या ग्रुपवर फोटो पडले: फीत कापताना, माइक हातात धरून शील देताना, पंगत. खाली मजकूर, 'रुचकर खिरीबद्दल महिला मंडळाचे विशेष आभार.' मी त्या ग्रुपवर जे लिहिलं त्यामुळे मला काढलं. अजून परत घेतलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

पण पंगतीचं सांगायचं राहिलं. पाहुणे जेवून उठले, मग कार्यकर्ते बसले. खिरीचा डाव माझ्या हातात होता. दादा ओळीच्या टोकाला बसला होता, मान खाली. मी त्याच्यापाशी आले आणि पुढे गेले. मुद्दाम गेले, खोटं कशाला सांगू. त्याने मान वर केली नाही. त्याला खीर मागता आली असती, टोप समोर होता, तो हात घालूनही घेऊ शकला असता. तो रिकाम्या वाटीकडे बघत राहिला.

आई मागून आली, एका हाताने मांडवाचा वासा धरत. माझ्या हातातला डाव तिने घेतला, टोपात बुडवला आणि त्याची वाटी काठोकाठ भरली.

"घे," ती म्हणाली. "ही दिलेली हाय."